न उडणारा तीळ

यास्मीनला एक किडा हवा होता. तिळाहून लहान, पांढरा, सहा पायांचा. तेवढ्यासाठी तिघं जण त्या सकाळी अकोट तालुक्याच्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, जीपमधून उतरले होते.

स्प्रिंगटेल म्हणतात त्याला. ओल्या पालापाचोळ्यात राहतो, पोटाखाली दुमडलेली शेपटी जमिनीवर आपटतो आणि टणकन उडतो. यास्मीनच्या नवऱ्याला, दानिशला, गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस इथल्याच एका काळ्या कपारीत असाच एक सापडला होता. बाकी सगळं ओळखीच्या जातीसारखं, पण शेपटीच नव्हती! ही नवी जात आहे, असं दानिश म्हणाला. काढताना तुटली असेल, असं दूरच्या जाणकारांनी कळवलं. एका मेलेल्या नमुन्यावर जात ठरत नाही, जिवंत शोधा.

दानिशला शोधता आले नाहीत. हिवाळ्यात, अमरावतीला राजापेठेतल्या घराच्या जिन्यातच, हेल्मेट हातात असताना तो कोसळला, तो पुन्हा उठलाच नाही.

तेव्हापासून यास्मीन कॉलेजात शिकवत होती, पोळ्या लाटत होती, पेपर तपासत होती. रडली नव्हती. आत काही हलतच नव्हतं. एकच गोष्ट तिला ठाऊक होती. कपारीतला झरा दिवाळीपर्यंत आटतो, आणि ओल गेली की ते जीव मातीत खोल जातात. आज हुकलं तर दानिशचं म्हणणं आणखी वर्षभर खोटंच राहणार होतं.

सोबत दानिशची मोठी बहीण होती, नगमाआपा. बाळापूरला तिचं कापडाचं दुकान. गुडघे दुखत होते तरी आली होती. वाट दाखवायला देवमनकाका होते, जंगलखात्यात मजुरी करून म्हातारे झालेले. गेल्या वर्षी दानिशलाही त्यांनीच वर नेलं होतं. त्यांच्या खांद्यावर दोर होता आणि कमरेला एक रिकामं पोतं खोचलेलं.

"तिळासाठी पहाड चढून राहिलो आपन," नगमाआपा धापा टाकत म्हणाली. "बाजारात किलोनं भेटतो."

"तो उडत नाई ना आपा, बाजारातला."

"हा तरी कुठी उडते? तूच म्हनून राहिली का उडत नाई!"

देवमनकाका हसले. यास्मीनही हसली, म्हणजे ओठ हलवले.

सागाच्या दाट रानातून चढण सुरू झाली. पानं पावसाने धुतलेली, पायाखाली निसरडी माती, झाडाझाडावर शेवाळाची हिरवी साय. एका वळणावर काका थबकले. त्यांनी हात मागे केला.

अस्वल!

वारूळ उकरत होतं. काळं, केसाळ, वीस-एक पावलांवर. त्याने मान वर केली, मागच्या पायांवर उभं राहिलं, हवा हुंगली. नगमाआपाने यास्मीनचं मनगट गच्च धरलं. कुणी हललं नाही. मग काकांनी काठी खडकावर आपटली. एकदा! दोनदा! अस्वल फुस्स करून झुडपांत घुसलं.

नगमाआपा मटकन खालीच बसली. यास्मीन मात्र उभी होती. तिच्या छातीत धडधडलंसुद्धा नव्हतं. त्याचंच तिला जरा नवल वाटलं.

"दुसरं एखादं कपारीत बसलं असन," काका म्हणाले. "मी पुढं जाऊन पायतो. हाक मारली का या."

हाक यायला बराच वेळ लागला. दोघी वर पोचल्या तेव्हा काका कपारीच्या तोंडाशी उभे होते. हातात करवंदाच्या फांद्यांचा झाडू आणि चेहऱ्यावर समाधान.

"या बाई. समदं झाडून ठेवलं."

यास्मीन आत गेली. भिंतीवरून पाणी झिरपत होतं. खालचा खडक मात्र लख्ख होता, अंगणासारखा. एक पानसुद्धा नव्हतं.

"काका, पाला?"

"फेकला खाली दरीत. का वास ये त्याचा!"

"कावून झाडलं पण?"

"आता, तुमी पैल्यांदा येनार. दानिशभाऊच्या घरच्या मानसाले कचऱ्यात बसवू का मी?"

यास्मीनने दरीकडे पाहिलं. ज्या पाल्यासाठी ती आली होती, तो पाहुणचारात गेला होता! ओरडावं, असं तिला वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. तिने कपाळावरचा दिवा लावला आणि गुडघ्यांवर बसली.

नगमाआपा कोपऱ्यातल्या फुगलेल्या पोत्यावर टेकली होती. "वा देवमनभाऊ, गादी मस्त केली," एवढं म्हणून तिने पाय लांब केले.

यास्मीनने भेगा धुंडाळल्या, ओल्या भिंतीचा वीत-वीत भाग भिंगाखाली घातला. पाठ भरून आली. शेवटी एका चिरेत तीन पांढरे ठिपके दिसले. ओल्या कुंचल्याने तिने ते ओला कापूस घातलेल्या कुपीत जिवंत उतरवले. शेपटी आहे की नाही, ते खाली नीट उजेडात पाहायचं होतं. कुपी तिने पत्र्याच्या पेटीत ठेवली.

बाहेर आभाळ गडगडलं.

"बाई, निघा! नाला भरला तर आज इथंच मुक्काम!"

ते उतरले, घसरले, पुन्हा उतरले. पाऊस असा कोसळत होता की पुढचं माणूस दिसेना. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला आता मांडीपर्यंत चढला होता, तांबडा, फेसाळता. काकांनी दोर अर्जुनाच्या बुंध्याला बांधला, दुसरं टोक घेऊन पलीकडे गेले, तिकडच्या झाडाला बांधून परत आले.

पहिली नगमाआपा. डोक्यावर तेच पोतं!

"टाक ना ते आपा!"

"डोकं कोरडं राह्यते. मी नाई सोडत!"

ती पार झाली. मग पेटी छातीशी धरून यास्मीन. शेवटी काकांनी अलीकडची गाठ सोडली, दोर कमरेला बांधला आणि पाण्यात उतरले. त्याच वेळी वरून एक ओंडका आला.

धाडकन!

काका दिसेनासे झाले. दोर ताणला गेला आणि झाडावरची भिजलेली गाठ सरकू लागली. यास्मीनने झेप घेतली. एका हातात दोर, दुसऱ्या हातात पेटी. एका हाताने दोर आवरेना! तिने पेटी सोडली.

पेटी उतरत्या खडकावर आपटली, घरंगळली, पाण्यात गेली. तिने ती जाताना पाहिली. दोर तळहातांतून सरसर घासत होता. तिने दोन्ही पाय झाडाच्या मुळाला लावले. मागून नगमाआपाने तिच्या कमरेला मिठी घातली.

"ओढ! यास्मीन, ओढ!"

आधी काकांचा एक हात वर आला. मग डोकं. मग खोकत, शिव्या देत, अख्खे काका.

तिघं एका कड्याखाली जाऊन बसले. पाऊस ओसरला होता.

"पेटी गेली," काका म्हणाले. त्यांची मान खाली होती. "पाला बी म्याच फेकला."

"जाऊ द्या काका. तुम्ही आहात ना."

यास्मीनच्या दोन्ही तळहातांची साल निघाली होती. ती त्यांच्याकडे बघत होती, दुसऱ्या कुणाच्या हातांकडे बघावं तशी.

"अगे," नगमाआपा खांदा झटकणार होती, ती थांबली. "माह्या काळ्या ओढनीवर तीळ कोनं सांडले?"

यास्मीनने वळून पाहिलं. काळ्या कापडावर पांढरे ठिपके होते. ते चालत होते!

"आपा, हलू नको! काका, या पोत्यात काय आहे?"

"पालाच हाय. बसाले मऊ म्हनून गादीपुरता ठेवला, बाकी फेकला."

"कपारीतला?"

"मंग कुठचा?"

तिने पोत्याचं तोंड उघडलं. मूठभर ओला पाला तळहातावर घेतला. खिशातल्या कुंचल्याचं टोक एका राखाडी किड्याला लावलं. टणकन! उडाला तो. ती नेहमीची जात. मग एका पांढऱ्याला लावलं.

तो उडाला नाही. अंग आवळून तिथंच राहिला. दुसराही तसाच, तिसराही. भिंगाखाली एक उताणा झालेला दिसला. सहा पाय हलत होते आणि पोट साफ, गुळगुळीत होतं. जखम नव्हती, तुटल्याची खूण नव्हती.

"काय झालं?" नगमाआपाने हळूच विचारलं. "दानिश खरा?"

"खरा."

नगमाआपाने जेवणाचा डबा उघडला, उरलेल्या पोळ्या काकांच्या हातात दिल्या आणि रिकामा डबा पुढे केला. यास्मीनने त्यात पाला भरला, किडे अलगद उतरवले. झाकण लावायला गेली आणि सोललेले तळहात चरचरले. तिने ओठ चावला. डोळ्यांत पाणी आलं आणि थांबेना.

"का झालं व बाई?" काका घाबरले.

"हात," ती म्हणाली. "हात दुखून राहिले काका. लई दुखून राहिले."

नगमाआपाने डबा तिच्याकडून घेतला, आपल्या मांडीवर ठेवला आणि ओढणीचं टोक फाडून तिच्या तळहातांना बांधू लागली.