जुन्या गावावरचा धूमकेतू

सत्त्याण्णव सालचा तो धूमकेतू तुम्हांला आठवत असेल. दिवस मावळला की वायव्येला नुसत्या डोळ्यांनी दिसायचा, शेपटीसकट. बारामतीत तेव्हा माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नाचे फोटो काढून काढून मी कंटाळलो होतो. एक तरी फोटो आपल्या मनासारखा निघावा म्हणून डाळजला गेलो. तिथं उजनी धरणाचं पाणी समुद्रासारखं पसरलेलं. उन्हाळ्यात ते ओसरायला लागलं, की बुडालेल्या जुन्या गावातल्या महादेवाच्या देवळाचं शिखर वर येतं. खाली पाणी, पाण्यात शिखर आणि शिखरावर धूमकेतू, असा फोटो मला हवा होता.

ओळखीच्या मोहनरावांनी बिरूआबांशी गाठ घालून दिली. आबा त्याच जुन्या गावचे. पूर्वी मेंढरं राखायचे, आता त्यांची होडी होती. साठी उलटलेला, मोजकं बोलणारा माणूस. त्यांची सून शकुबाई काठापर्यंत आली होती.

"लई येळ लावू नगा, मामंजी," एवढंच ती म्हणाली.

पाडवा तोंडावर आलेला, आभाळात चंद्र नव्हता. देवळाशेजारी उघड्या पडलेल्या उंचवट्यावर आम्ही उतरलो. चिखलाला तडे गेलेले. शिंपल्यांचा आणि कुजक्या शेवाळाचा वास येत होता. मी कॅमेऱ्याचं स्टँड लावत होतो, तेवढ्यात आबांनी पाण्याकडे बोट केलं.

"त्ये आमचं घर. भिंत दिसतीया बगा."

हातभर भिंत पाण्याबाहेर आली होती. बाकी सगळं खाली.

"घरात कोण कोण होतं?" मी सहज विचारलं.

"मी, पोरगं आन् सारजा, माझी मालकीण." आबांनी बोट खाली घेतलं. "पानी चढाय लागलं तवा गाडी भरून आमी निगालो. वेशीपाशी आल्यावर ती म्हनली, चूल तशीच ऱ्हायली. सारवल्याबिगर कशी सोडू? तुमी व्हा फुडं, आलेच मी."

"मग?"

"मग काय. अजून न्हाय आली."

आबा चिखलातच उकिडवे बसले, भिंतीकडे तोंड करून.

अशा फोटोला कॅमेऱ्याचं तोंड बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. उजेड नको, धक्का नको. अंधार दाटल्यावर मी बॅटरी विझवली आणि कॅमेऱ्याला जोडलेल्या केबलचं बटण दाबून धरलं. धूमकेतू शिखराला टेकल्यासारखा दिसत होता. पाण्यावर साधी लाटसुद्धा नव्हती.

आणि मग वास आला. ओल्या शेणाचा, नुकत्याच सारवलेल्या जमिनीचा. तिथं ना गुरं होती, ना वस्ती. पाठोपाठ आवाज... ओल्या जमिनीवरून तळहात फिरावा तसा. सर्र... थोडं थांबून पुन्हा सर्र... भिंतीच्या दिशेनं.

"आबा... ऐकू येतंय?"

"दर उन्हाळ्यात येतंय. आज लई जवळ हाय."

ते उठले. पाण्यात पाय पडल्याचा आवाज झाला.

"आबा, खोल आहे तिथं... आबा!"

केबल माझ्या हातातून सुटली. फोटो तिथंच संपला. पुढं रीळ धुतल्यावर त्यात शिखर आणि धूमकेतू एवढंच निघालं, बाकी काही नाही. पण त्या घडीला मला कसला फोटो न् कसलं काय. मला पोहता येत नव्हतं. मी अंधारात बॅटरी चाचपडत होतो आणि पाण्यावरून आबांचा आवाज येत होता, रुसलेल्या माणसाची समजूत काढावी तसा.

"सारजे... किती सारवशील? कितीबी सारवलंस तरी पानीच ते. पोरगं थोरलं झालं. सून आलीया घरात, लई गुनाची हाय... चल की आता. मी न्हाय फुडं जात. हितंच हुबा हाय."

आवाज थांबला. सारवण्याचाही थांबला.

बॅटरी हाताला लागली. मी झोत टाकला. आबा भिंतीपाशी छातीभर पाण्यात उभे, हात पुढं केलेला. मग ते वळले आणि परत यायला लागले. एक हात मागं तसाच ठेवून, पावलापावलाला मागं बघत, जपून. पाण्याला भिणाऱ्या माणसाला आपण आणतो ना, तसे.

"चला," जवळ येऊन ते म्हणाले.

येताना होडी फार जड चालली होती. आबा वल्हवताना फळीच्या एका कडेला अंग चोरून बसले होते. त्यांच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे मी बघितलं नाही.

काठावर शकुबाई कंदील घेऊन उभी होती. तिनं कंदील वर धरला. आधी मला बघितलं, मग चिंब भिजलेल्या आबांना, मग आबांच्या शेजारी... आणि तिथंच तिची नजर थबकली. ही पोर गाव बुडाल्यावर कितीतरी वर्षांनी या घरात आलेली. सासूचं तोंड तिनं कधी पाहिलेलं नाही, घरात सासूचा एक फोटोही नव्हता.

तिनं कंदील खाली ठेवला. डोक्यावरचा पदर पुढं ओढला, पुढं झाली आणि आबांच्या शेजारी, जिथं कोणीच नव्हतं तिथं, वाकून नमस्कार केला.

आबांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

मी घाईघाईनं बॅग उचलली. शकुबाई माझ्याजवळ आली. चेहरा पांढराफटक पडला होता. जोडलेले हात तिनं तसेच छातीशी आवळून धरले होते.

"दादा..." ती अगदी हळू म्हणाली, "पाय लई गार हायती वो त्यांचं..."