जीपमधली माझी जागा

ही गोष्ट माझ्यावरच गुदरलेली आहे. इकडून तिकडून ऐकलेली नाही. आणि रात्रीची तर मुळीच नाही. जे घडलं ते लख्ख उजेडात घडलं, त्यामुळे डोळ्यांना दोष द्यायचीही सोय राहिली नाही.

साल चौऱ्याऐंशी. उन्हाळा. अणदूरजवळचं आमचं गाव.

आमचे हे, श्रीपती, गावच्या दूध सोसायटीत दूध मोजायला होते. सकाळी दूध, संध्याकाळी दूध. म्हशीला काही रविवार नसतो. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दोघांनी मिळून पाहिलेलं सगळ्यात लांबचं गाव म्हणजे सोलापूर, तेही दवाखान्यासाठी.

म्हणून मला ती सहल हवी होती. चार दिवस हा माणूस नुसता माझ्याशेजारी बसलेला हवा होता.

सोसायटीत एक कॅलेंडर होतं. त्यावर एक गोरा माणूस, समुद्राच्या लाटेवर, फळीवर उभा.

"अवो, ह्यो पडत कसा न्हाय?" मी विचारलं.

"पडला आसंल की. पडल्याचा फोटू कोण छापतंय?"

मग कॅन धुता धुता, माझ्याकडं न बघता म्हणाले, "जायाचं का बघायला?"

नळदुर्गचा विरूपाक्ष यांचा मित्र. त्याची भाड्यानं फिरवायची जीप होती. तो, त्याची बायको लक्ष्मीबाई आणि आम्ही दोघं. रत्नागिरीला उतरायचं आणि समुद्राच्या कडेकडेनं खाली वेंगुर्ल्यापर्यंत जायचं. घाई नाही. लाटा बऱ्या दिसतील तिथं मुक्काम. खाडी आडवी आली तर जीप होडीवर चढवायची.

"जीप? होडीवर?"

"मग काय वैनी, जीपला पोहता येतंय व्हय?" विरूपाक्ष म्हणाला.

कोण कुठं बसणार हे ठरवायला मी ओसरीवर खडूनं जीप काढली. माणसांच्या जागी चार दगड ठेवले.

दगड ठेवायची रीत आमच्याकडं बहात्तरच्या दुष्काळातली. तेव्हा गावात टँकर यायचा. बाया खडी फोडायच्या कामावर, उन्हात रांग कोण धरणार? मग ज्या त्या बाईनं आपला दगड रांगेत ठेवायचा. दगड उभा म्हणजे बाई उभी. नियम एकच, पण कडक. जी दुसरीचा दगड हलवील, तिनं आपला नंबर तिला द्यायचा.

ते दगड लिंबाखाली अजून पडून होते. गावात नळ आल्यावर त्यांना कोण विचारतंय? मी त्यातलेच चार गोल बघून उचलून आणले होते.

माझा दगड मागच्या बाकावर. यांच्याशेजारी.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात मी एकटी. सगळं गाव झोपलेलं.

ओसरीवर आवाज आला...

खर्रर्र.

रांगेत कुणी घागर पुढं सरकवावी, तसा.

बाहेर येऊन पाहिलं. तीन दगड जागेवर. माझा मात्र खडूच्या जीपमधून निघून दाराच्या दिशेनं सरकलेला...

"मांजर आसंल," हे म्हणाले.

"आपल्यात मांजर हाय का?"

"मग उंदीर."

"दगड वढणारा उंदीर?"

"मग तूच," म्हणून हसले आणि दुधाला गेले.

मी दगड परत ठेवला. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्या दुपारी मी तो ओल्या फडक्यानं पुसला.

धूळ निघाली... आणि खालून निळी रेघ वर आली.

नीळ. कपड्यांना लावायची.

चांगुणा.

खडीवर ती माझ्या शेजारी बसायची. तिच्या दगडाला निळीची खूण असायची. एकदा हातोडा थांबवून तिनं विचारलं होतं, "समुंदराला रांग आसती का गं?"

"न्हाय."

"मग येकदा बघायचाच."

"खारं आसतंय पाणी."

"आसू दी. मला कुठं प्यायचंय?"

त्याच उन्हाळ्यात ती रांगेतच कोसळली. ऊन लागलं. नंबर येण्याआधीच गेली. तिचा दगड मात्र कुणी हलवला नाही. पुढं रांग लागायची, ती त्याला वळसा घालून.

मी दगड पदरात घेतला, लिंबाखाली नेऊन ठेवला आणि हात जोडले. "चांगुणे, चुकून उचलला गं."

घरी आले. खडूच्या जीपमध्ये माझ्या जागेवरचा खडू पुसला होता...

कुणी बसून उठल्यासारखा.

निघायच्या दिवशी सकाळचं ऊन पडल्यावर जीप दारात आली. मी पिशवी पायरीवर ठेवली आणि मागच्या दाराची कडी बघायला आत गेले.

बाहेर जीपचं दार लागलं.

यांचा आवाज आला, "बस, नीट बस. खिडकीकडं घेतीस का?"

मी धावत आले.

"अवो! अवो, थांबा की!"

रस्त्यावर नुसती धूळ होती...

आणि पायरीवर माझी पिशवी.

वाटलं, वळणावरून येतील. मग वाटलं, अणदूरवरून तरी. ऊन चढलं, उतरलं. कुणी आलं नाही.

गावाला काय सांगायचं? नवरा विसरून गेला? मी दार आतून लावून घेतलं.

शेजारची केशरबाई भिंतीपलीकडं कुणाला तरी सांगत होती, "गेली बाई समुद्राला. म्या हात केला, तिनंबी केला."

मी आत उभी होते. माझ्याच घरात, श्वास धरून...

ते दिवस मी चूल पेटवली नाही. मी घरात नव्हतेच ना.

मग एका दुपारी जीप आली. हे उतरले. उन्हानं रापलेले, केस विस्कटलेले, पोरासारखे. वळून मागच्या बाकाकडं हात पुढं केला. कुणाला तरी उतरवून घ्यायला.

हात तसाच राहिला.

मग त्यांना दारात मी दिसले.

"आगं, कवा उतरलीस?"

लक्ष्मीबाई हसली. "बोला की आता, वैनी. समुद्र सोडल्यापासनं एक शब्द न्हाय तुमचा."

यांचं तोंड बघून मला खरं सांगवेना. इतकं सुख त्या तोंडावर मी कधी पाहिलं नव्हतं.

आता कैक वर्षं झाली. हे अजून सांगतात, मी ऐकते. ऐकून ऐकून ती खाडी, ती होडी मला पाठ झाली आहे.

"कमरंएवढ्या पाण्यात हुबी हुतीस. वंजळीनं पाणी उधळत हुतीस. आन् हसत हुतीस! म्या म्हणलं, हिला असं हसता येतंय? मग घरात का हसत न्हाय ही?"

मग म्हणतात, "हस की येकदा तशी."

मी हसते.

हे खूप वेळ माझ्याकडं बघतात.

"न्हाय," म्हणतात. "तसं न्हाय."