मास्तरांचा हात

मला लोक ‘मास्तरांचे धाकटे’ म्हणतात. वय एकोणऐंशी पूर्ण. शाळा चौथीतच सुटली. पुढचे सारे वाचन स्वतःच्या बळावर झाले. संगीतातले मात्र मला काही कळत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याला महत्त्व आहे.

मास्तर म्हणजे माझे थोरले बंधू. रचनाकार म्हणून त्यांचे नाव मोठे होते, पण घर चालले ते पियानोच्या शिकवण्यांवर. त्यांची पद्धत न्यारी होती. धडा तयार झाला की ते खोलीतला दिवा मालवीत आणि विद्यार्थ्याच्या मागे खुर्ची ओढून बसत. चूक झाली की डाव्या खांद्यावर त्यांचा हात येई. बोलणे नाही, रागावणे नाही. ती ओळ बिनचूक वाजेपर्यंत हात तिथेच राही. हात उचलला गेला, हीच शाबासकी.

गेल्या वर्षी ते आपल्या मुलीला स्वतःची शेवटची रचना शिकवीत होते. अखेरच्या पानावरील एका ओळीला हात आला. तिने ती ओळ पुन्हा वाजवली, पुन्हा वाजवली. हात हलेना. शेजारच्या बाई काही मागायला आल्या आणि त्यांनी दिवा लावला, तेव्हा मास्तर गेलेले होते. हात तिच्या खांद्यावर तसाच होता. ती किती वेळ मृत माणसापुढे वाजवीत होती, हे कोणालाच सांगता आले नाही.

त्यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम ठरला. तीच रचना पुतणी वाजवणार होती. आदल्या दिवशी, दिवेलागणीच्या सुमारास, मी कार्यक्रमपत्रिकेची प्रत दाखवायला तिच्याकडे गेलो.

“काका, एवढ्याशा कागदात सहा चुका काढल्यात?”

“सात. छापखान्यातले लोक बहुधा डोळे मिटून छापतात.”

ती हसली, पण हसू ओठांवरच विरले. “मला नाही जमणार उद्या. त्या ओळीपाशी आले की बोटं थिजतात. उद्या अडखळले तर पियानो विकून टाकणार. शिकवण्याही बंद.”

“वेडी आहेस का?”

“तुम्ही बाबांच्या जागी बसाल? एकदाच…”

मी बसलो. तिने दिवा मालवला. खिडकीतला उजेड हळूहळू राखाडी झाला, मग तोही उरला नाही. जुन्या लाकडाच्या वासात आणखी एक वास मिसळला होता. बंधू मनगटांना जे मलम चोळीत, त्याचा. त्याची डबी ते गेल्यावर मी स्वतः फेकली होती.

सूर संथपणे पुढे सरकत होते. ती ओळ आली आणि वादन थांबले. तिने ती पुन्हा वाजवली. पुन्हा.

“काका… आता बरोबर आलं ना?”

“मला काय कळतंय त्यातलं, बाळ.”

“मग हात का काढत नाही?”

माझे दोन्ही हात माझ्या गुडघ्यांवर होते.

खरे सांगितले असते, तर तिने त्या वाद्याला आयुष्यात पुन्हा बोट लावले नसते. थोरल्या बंधूंपुढे मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या वेळी चढवला.

“दादा, पुरे झालं! बरोबर वाजवलं तिनं.”

अंधारात तिचे स्टूल करकरले. माझ्या हातांचा प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही. मग ती “उचलला…” एवढेच म्हणाली, आणि रचना अखेरपर्यंत वाजवली. न थांबता.

शेवटचा सूर विरत होता. माझ्या डाव्या खांद्यावर काहीतरी थंड, जड, अलगद येऊन टेकले.

तिने ती ओळ बरोबर वाजवली होती की नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आजही नाही.

कार्यक्रम उत्तम पार पडला. पुतणी पुन्हा शिकवण्या घेते, दिवा लावून. मी रोज सकाळी तिच्याकडे स्वरलिपी वाचायला शिकतो. “काका, या वयात हे काय मनात आलं?” असे ती विचारते आणि मी पान उलटतो. त्या ओळीपर्यंत पोहोचायला अजून पुष्कळ अवकाश आहे. सदरा शिवताना शिंपी आता डावा खांदा दोन बोटे खाली घेतो.