आधीच लागलेला दिवा

"आता हे सांगितलं तर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," अनंत हुद्देदारांनी घसा साफ केला, "पण परवा मी वरंध घाट एका हाताने उतरलो. दुसऱ्या हातात चहाचा कप, काठोकाठ भरलेला. महाडला पोचलो तेव्हा थेंबभरही कमी झाला नव्हता."

"आणि गरमही असेल," इक्बाल मुजावर म्हणाला.

"गरम? अरे, वर साय धरली होती!"

तुलनाकक्षात हशा पिकला. पुण्याच्या या प्रयोगशाळेत संगणकाच्या पडद्यावर चित्र काढणारी ग्राफिक्स कार्डं समोरासमोर बसवून तपासली जात, आणि हुद्देदार हे तिथले सर्वांत जुने परीक्षक. कँटीनमध्ये हा माणूस वाटेल त्या थापा मारील, पण चाचणीच्या टेबलावर बसला की खोटं बोलणार नाही, अशी त्यांची ख्याती होती. मुजावर हा मोजमापाच्या यंत्रांचा इंजिनिअर. हुद्देदारांच्या थापांना पहिली दाद त्याचीच असे.

हसताना हुद्देदारांचा उजवा हात मात्र खिशात होता. दिवाळीपासून तो थरथरू लागला होता. पुण्यात बोभाटा नको म्हणून ते नाशिकच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते. हात हलतोय हे कळलं की टेबल सुटणार, आणि टेबलावाचून हुद्देदार म्हणजे नुसता कँटीनमधला गप्पिष्ट म्हातारा.

आजची तुलना साधीसुधी नव्हती. घाटात बस चालवणाऱ्यांना शिकवणारी एक संस्था आभासी बस घेणार होती. खरं स्टिअरिंग, खरे पेडल, फक्त रस्ता पडद्यावरचा. शिकाऊ चालकाला पास करायचं की नापास, हे त्या पडद्यावर बघून ठरणार. तो रस्ता रेखाटायला 'मेरू' कार्ड घ्यायचं की 'तरंग', एवढाच प्रश्न होता.

"कागदावर मेरू भारी आहे," कक्षप्रमुख डॉ. मृणाल सबनीस पाहुण्यांना सांगत होत्या. "स्मृती दीडपट, वीजही दुप्पट खातं. सेकंदाला नव्वद चित्रं काढतं, पण प्रत्येक चित्र चालकाच्या हाताकडे बघून. तरंग दाखवतं तीनशे साठ. त्यातली नव्वदच खरी काढलेली, बाकीची अंदाजाने."

"म्हणजे पदरची?" एका पाहुण्याने विचारलं.

"पदरची, पण हुशारीने. आम्ही त्याला पूर्वचित्रण म्हणतो. माणसाचा हात म्हणजे बव्हंशी सवय. ती सवय ओळखून तरंग पुढचं चित्र आधीच काढून ठेवतं. हात पोचेपर्यंत चित्र तयार! वापरणारा जितका ओळखीचा, तितका अंदाज बरोबर."

म्हणूनच कक्षाचा नियम कडक होता: दोन्ही कार्डं सीलबंद खोक्यातून, सगळ्यांदेखत बाहेर निघायची. कोरं कार्ड, आणि दोन्हींना हात एकाचाच.

हुद्देदारांनी नजर चुकवली. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असे. तीन आठवडे तरंग त्यांच्या घरच्या संगणकात होतं आणि स्टिअरिंग जोडून ते रोज त्यावर हाच घाट चालवत होते. आधी त्यावरही बस दारू प्यायल्यासारखी डुलायची. मग एके दिवशी ती सरळ धावू लागली. हात कुठे हलतो ते सोडून हाताला कुठे जायचंय तेवढंच कार्ड रेखाटू लागलं होतं. त्या सरळ बसकडे बघताना हुद्देदारांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तरी त्यांनी ते कार्ड पुन्हा खोक्यात घातलं आणि सील इतकं बेमालूम चिकटवलं की कारखान्यालाही जमू नये.

आधी मेरूची पाळी. हुद्देदारांनी स्टिअरिंग धरलं. बस पहिल्या वळणावरच थरथरली.

"चित्र हलतंय का, अनंतराव?" मृणालताईंनी विचारलं.

"मेरूचं जुनं दुखणं आहे, मॅडम. तापलं की असं करतं."

मुजावरने तापमापकाकडे पाहिलं. काटा खालीच होता. मृणालताईंनी शेरा लिहिला: मेरू, चित्र अस्थिर. बिचाऱ्या मेरूने समोर होतं तेच इमानाने दाखवलं होतं. त्याच्या नावावर आपली थरथर चढताना हुद्देदार बघत राहिले.

घाटमाथ्यावर पडद्यात एक देऊळ आलं. हुद्देदारांनी, आयुष्यभराच्या खोडीने, नमस्कार म्हणून बसच्या दिव्यांची दोनदा उघडझाप केली आणि देऊळ मागे पडल्यावर आणखी एकदा. मुजावरच्या विलंबमापकाने नोंद केली: बटण दाबल्यावर किंचित उशिराने दिवा.

मग सगळ्यांदेखत सील फोडून तरंग बसवलं. बस लोण्यातून सुरी जावी तशी घाट चढली. पाहुणे पुढे सरकले. देऊळ आलं, दिवे लागले, आणि मापकाचा आकडा उणे झाला.

"उणे?" मृणालताई खुर्चीतून उठल्या. "म्हणजे बोट बटणावर पोचायच्या आधी दिवा लागला! तिन्ही वेळा!"

टाळ्या पडल्या. मृणालताई पाहुण्यांना म्हणाल्या, "माझी शिफारस तरंगची."

हुद्देदारांच्या डोळ्यांपुढे एक अनोळखी चालक उभा राहिला. हात कापतोय, पडद्यावर बस सरळ, कागदावर पास. मागे पन्नास माणसं आणि खाली दरी. आता सांगावं, म्हणून त्यांनी तोंड उघडलं. पण सगळे कौतुकाने बघत होते, आणि सवयीच्या जिभेने घात केला.

"तरी मी म्हणत होतो, विश्वास बसणार नाही! अहो, आत्ता खोक्यातून निघालेलं पोर, माझ्या हाताची त्याची ही पहिली भेट, आणि मनातलं ओळखलं की नाही? हात असा स्थिर पाहिजे, मग कार्डालाही चेव येतो!"

सगळे हसले. मुजावर हसला नाही.

"मॅडम," तो म्हणाला, "हे कारखान्यातून काय शिकून येतं?"

"सगळीकडचे चालक करतात तेच. वळण, ब्रेक, हॉर्न."

"देवळाला नमस्कार?"

"तो कुठून येणार? परदेशातला कारखाना आहे."

मुजावर हुद्देदारांकडे वळला. त्याचा आवाज खाली आला होता, पण कक्षात सगळ्यांना ऐकू गेला.

"हुद्देदार, लेका, तुझ्या सगळ्या थापा मी आजवर गोड मानून घेतल्या. पण देवळापुढे दोन आणि देऊळ सरल्यावर एक, हा नमस्कार तुझ्याशिवाय या घाटात दुसरं कोणी करत नाही. पहिल्याच भेटीत तो याला येतो कसा? खोटं बोलतोयस तू. हे कार्ड तुझ्या घरी राहून आलंय."