उजव्या बाजूचे पदक

काचेची पेटी फुटलेली नव्हती, तिचे कुलूपही जागेवर होते. आत मात्र नुसती मखमल उरली होती.

सुभेदार बन्सीलाल महाजन यांनी आधी सभागृहाचे शटर आतून खाली ओढले. त्यांची सारी नोकरी मिलिटरी पोलिसात गेली होती. कोण काय बोलते यापेक्षा कोण बाहेर जाऊ पाहते, हे आधी पाहायचे, अशी त्यांची सवय होती.

सुरतेच्या गोडादऱ्यातील माजी सैनिक मंडळाच्या त्या सभागृहात सेना दिनाच्या सकाळी चौघेच होते. बन्सीलाल, मंडळाचे अध्यक्ष हवालदार श्रीपत गवई, चिटणीस प्रमोद, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर पांढऱ्या साडीतल्या चंद्रभागाबाई.

नाहीसे झालेले सेना पदक चंद्रभागाबाईंच्या पतीचे, नाईक मारुती वानखडे यांचे होते. गोळीबार चालू असताना मारुतींनी एका जखमी जवानाला खांद्यावर घेऊन बर्फाळ नाला ओलांडला होता. निवृत्तीनंतर ते अकोल्याहून सुरतेला आले, कापडाच्या लूमवर राबले आणि इथेच वारले. चंद्रभागाबाई आज ते पदक प्रथमच चारचौघांत लावणार होत्या. नवऱ्याची म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू उरली होती, आणि तीही त्यांनी मंडळाकडे जपायला दिली होती.

तो जखमी जवान म्हणजे श्रीपत. मारुतींच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी त्यांनी स्वतःच ते सांगितले होते आणि मांडीवरचा व्रणही दाखवला होता. तेव्हापासून चंद्रभागाबाईंनी त्यांना सख्खा भाऊ मानले. मुलीच्या लग्नात मामा म्हणून तेच उभे राहिले.

बन्सीलालांनाही श्रीपत म्हणजे आपला माणूस वाटे. काल रंगीत तालमीत श्रीपतांनी ते पदक चंद्रभागाबाईंच्या डाव्या बाजूला लावले, तेव्हा बन्सीलालांनी ते मुकाट्याने काढून उजव्या बाजूला लावले होते. वय झाले, विसरला असेल, असे ते स्वतःशी म्हणाले होते.

"पेटीच्या किल्ल्या कोणाकडे असतात?" त्यांनी विचारले.

"एक माझ्याकडे, एक श्रीपतकाकांकडे," प्रमोद म्हणाला. तो मारुतींचा पुतण्या. "सकाळी त्यांनी सभागृह उघडलं. मी हार घेऊन मागोमाग आलो, तेव्हा पेटी रिकामीच होती."

"या पदकावरून तू मंडळाशी भांडला होतास."

"भांडलो होतो. काकांचं पदक घरात पाहिजे, मंडळाच्या काचेत नाही, असं आजही म्हणतो. पण न्यायचंच असतं तर काकूच्या सत्काराच्या दिवशी कशाला नेलं असतं?"

खिसे उलटे झाले. पिशव्या, कपाटे, हारांच्या टोपल्या, तसबिरींच्या मागच्या बाजू, सारे पाहून झाले. श्रीपत डाव्या हातात टोपीची गुंडाळी धरून प्रत्येक ठिकाणी पुढे होऊन मदत करत होते.

"सुभेदारसाहेब, कार्यक्रम रद्द करू," शेवटी ते म्हणाले. "पदकाशिवाय सत्कार म्हणजे वहिनींचा अपमान. पाहुण्यांना स्टेशनवरूनच परत पाठवू."

"कोणते पाहुणे?" प्रमोदने विचारले.

श्रीपत मारुतींच्या तसबिरीपुढे गेले, टाचा जुळवल्या आणि त्यांनी कडक सलाम ठोकला. "माफ कर, दोस्ता," ते पुटपुटले. त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते.

बन्सीलाल त्या उचललेल्या हाताकडे बघत राहिले.

"हवालदार, टोपी घाला."

"डोकं दुखतंय, साहेब."

"टोपी घाला आणि मग सलाम करा."

श्रीपत जागचे हलले नाहीत. बन्सीलालांनी हात पुढे केला. बऱ्याच वेळाने ती गुंडाळी त्या हातावर आली. टोपीच्या अस्तराला आतून टाचलेले होते मारुतींचे पदक.

चंद्रभागाबाई अर्धवट उठल्या आणि पुन्हा बसल्या.

"पदक मिळवणारा ते डाव्या छातीवर लावतो," बन्सीलाल सांगू लागले. "त्याच्या माघारी घरच्यांनी लावायचं ते उजव्या बाजूला. ही रीत पलटणीतला माणूस विसरत नाही. काल तुम्ही चुकलात आणि मी तुमची चूक झाकली. आज तुम्ही उघड्या डोक्याने सलाम केलात. डोक्यावर टोपी नसेल तर फौजी सावधान उभा राहतो, हात उचलत नाही. रंगरूट पहिल्या महिन्यात हे शिकतो. तुम्ही फौजेत एक दिवसही नव्हतात."

"आणि ते पाहुणे?" प्रमोदने विचारले.

"तुझ्या काकांच्या कंपनीतला एक जोडीदार मी शोधून काढला. वहिनींना अचानक भेट घडवायची होती, म्हणून काल संध्याकाळी ते फक्त श्रीपतना सांगितलं. नाल्यातून कोणाला उचलून नेलं, हे त्या माणसाला ठाऊक असणार. म्हणून कार्यक्रमच मोडायला हवा होता. पदक खिशात ठेवलं तर सापडलं असतं. पण सैनिकाच्या टोपीत मी हात घालणार नाही, एवढं त्यांनी मला ओळखलं होतं."

"मग नाल्याची गोष्ट यांना कळली कुठून?"

उत्तर कोपऱ्यातून आले.

"मीनंच सांगतली." चंद्रभागाबाई जमिनीकडे बघत होत्या. "ते गेल्यावर, पुण्यानुमोदनाच्या दिवशी. बर्फाचं, गोळ्यायचं, समदं. हे मांगच्या रांगेत बसून रडत होते. मले वाटलं, किती मायाळू मानूस हाय."

मांडीवरचा व्रण डाईंग मिलमधल्या वाफेचा होता, हे श्रीपतांनी आपणहून सांगितले. तिथे उभ्या जन्मात कोणी त्यांना नावाने हाक मारली नव्हती. एकदा खोटे बोलले, तर लोकांनी बसायला खुर्ची दिली. मग त्या खुर्चीवरून उठवेना.

"पदक मी परत ठेवणार होतो, वहिनी."

"माह्या नवऱ्याचीच गोष्ट सांगाची होती न तुमाले? त्याच्याच नावानं सांगतली असती, तर मी रोज आयकाले आली असती." त्या थांबल्या. "पोरीनं तुमचे पाय धरले होते सासरी जाताना."

बन्सीलालांनी पदक त्यांच्या हाती दिले. ते लावून देण्यासाठी ते वाकले, पण चंद्रभागाबाईंनी मूठ मिटून घेतली.

शटरवर थाप पडली. प्रमोदने ते वर केले. उन्हात एक वृद्ध गृहस्थ उभे होते. डोक्यावर टोपी, छातीवर स्वतःची पदके, हातात प्रवासाची पिशवी. तसबिरीवर नजर जाताच ते पिशवी खाली ठेवून आत आले.

"वहिनी, मी मारुतीच्या कंपनीतला..."

चंद्रभागाबाईंनी हात जोडले नाहीत. मिटलेली मूठ छातीशी धरून त्या बन्सीलालांच्या आड सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, हे तरी खरे हायेत न?"