आठ मिलिमीटर

ते १९६८ साल. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मला तपासनिसाची नोकरी लागून जेमतेम आठवडा झाला होता. एक ताडमाड तरुण, बाहीला शाईचे डाग, माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"माझ्या गणितावर लाल रेघ मारणाऱ्या मास्तरीणबाई तुम्हीच का?"

"आकडा चुकलाय. राग आकड्यावर काढा."

तो हसला... आणि माझा हिशेबच चुकला. कचेरी त्याला लंबू म्हणायची. महिन्याभरात मीही म्हणू लागले.

लंबू नळांच्या भिंतीची जाडी काढायचा. आतलं पाणी भिंतीला चहूबाजूंनी बाहेर रेटतं. भिंत पातळ पडली तर नळ लांबीभर उभा फाटतो. दाब गुणिले व्यास, भागिले पत्र्याला सोसवणाऱ्या ताणाची दुप्पट, एवढंच सूत्र. नियम असा, की तपासनिसाने त्याच्या कागदाकडे न बघता कोऱ्या पानावर तेच गणित नव्याने मांडायचं आणि मगच सही करायची. पण लंबू कागदाच्या कडेला पेन्सिलीने काहीबाही लिहायचा. 'आज अबोला का?' मी ते रबराने पुसायची, आणि दिवसभर मनात वाचत राहायची.

एकदा मोठ्या नळाचा कागद आला. कडेला लिहिलं होतं, 'आई विचारते, सून कधी बघायला मिळेल?'

माझे कान तापले. कोरं पान काढलंच नाही. चार मिलिमीटर हा त्याचा आकडा नुसता वाचला, सही ठोकली आणि खाली लिहिलं, 'रविवारी.'

दोन महिन्यांनी नळ जोडणारे वेल्डरकाका पत्र्याचा तुकडा घेऊन आले. "पोरांनो, एवढ्या रुंद नळाला हा पत्रा पातळ नाही वाटत?"

"काका, मास्तरीणबाईंनी तपासलंय!" लंबू ऐटीत म्हणाला.

मी लाजले. हो, लाजले.

दुप्पट दाबाने चाचणी घेताना नळ फाटला. सांध्यापाशी वाकून गळती बघत असलेले काका जागच्या जागी गेले.

संध्याकाळी आम्ही तो कागद उघडला. व्यासाच्या जागी त्याने त्रिज्या धरली होती आणि खालची दुप्पट तशीच ठेवली होती. जाडी आठ मिलिमीटर हवी होती.

"चौकशीत मी सांगेन, कागद न दाखवताच तुझी सही घेतली," तो म्हणाला. "तू फक्त गप्प राहा."

"आणि जन्मभर तुझ्यासमोर जेवायला कशी बसू?"

"माझं प्रेम आहे गं तुझ्यावर... एवढं ऐक."

"माझंही आहे. म्हणूनच नाही ऐकणार."

चौकशीत मी सांगितलं, कागद माझ्यासमोर होता, मी तपासला नाही.

नोकरी दोघांची गेली; गणित त्याचं, म्हणून तुरुंगात तो गेला, दीड वर्ष. सुटल्यावर एकदाच भेटला.

"सगळा दोष एकट्याने घेतला असता तर तुझ्याकडे बघू शकलो असतो," तो म्हणाला. "आता तुझ्याकडे बघितलं की काका दिसतात."

पुढे त्याने दुसऱ्या गावी सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं, संसार केला. अकरा वर्षांपूर्वी वारला. वेल्डरकाकांच्या बायकोने, काकूंनी, आम्हाला कधी शिव्या दिल्या नाहीत, पण दारातही उभं केलं नाही. मी शाळेत गणित शिकवलं. लग्न राहूनच गेलं.

खरं बोलले, त्याचा पश्चात्ताप नाही. पण त्या शेवटच्या भेटीत तो उठून चालू लागला आणि मी हाक मारली नाही... त्याचा आहे.