पडसादाला हरकत

तोंडात कापूस कोंबलेला असला की माणसाला मतं मांडता येत नाहीत. माझी पंचाईत झाली ती तिथेच.

दाढ ठणकत होती म्हणून ऑफिसजवळच्या पहिल्याच दवाखान्यात शिरले होते. खुर्ची मागे झुकली आणि वर, छतावर, एक शब्दकोडं चिकटवलेलं दिसलं. साधं नव्हे, गूढ. त्यातल्या प्रत्येक सूचनेत एका बाजूला शब्दाचा अर्थ असतो आणि दुसऱ्या बाजूला त्याच शब्दाचे तुकडे. मी वर्तमानपत्रात मुद्रितं तपासते. चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. मी एका सूचनेवर बोट रोखलं.

"दुखतंय?" दंतवैद्याने विचारलं.

मी मान हलवली – नाही. पुन्हा बोट.

"अच्छा, ते होय!" मास्कच्या वर त्याचे डोळे हसले. "आवडलं?"

पुन्हा – नाही.

त्याचा हात थांबला. "मी रचलंय ते."

मी खांदे उडवले. त्याला मी काय करणार?

कापूस निघाल्यावर म्हटलं, "तुकडे दिलेत, अर्थ कुठाय? लोकांनी काय हवेत पकडायचं?"

"पेशंट या खुर्चीवरून पळून जातात. उठून भांडणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"दाढ चांगली भरलीत. कोडं तेवढं पुन्हा भरा."

दुसऱ्या दिवशी फोनवर त्याची सुधारलेली सूचना आली. मी ती आणखी सुधारून परत पाठवली. मग ते रोजचंच झालं. पुढे संध्याकाळी दवाखाना बंद झाला की तो माझ्या ऑफिसखाली येऊन उभा राहायचा. एकदा पावसाने गाठलं आणि छत्री एकच होती. एका छत्रीत भांडण्याचा एक फायदा असतो... तावातावाने निघून जाता येत नाही. त्याचा डावा खांदा पार भिजला होता; माझा एकही नाही.

अशात आमच्या रविवार पुरवणीचं कोडं रचणाऱ्या बाई निवृत्त व्हायला निघाल्या. त्यांच्या जागी कोण, हे स्पर्धेतून ठरणार होतं. दुसऱ्यांची कोडी तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती. आता मला माझं कोडं हवं होतं. मी नाव दिलं. त्यानेही दिलं.

"त्याला जिंकू दे गं," मावशी म्हणाली. "हरलेले पुरुष तोंड फिरवतात."

"फिरवू दे. मानेला व्यायाम होईल."

तोऱ्यात म्हटलं खरं. पण अंतिम फेरीत समोरच्या टेबलावर तोच बसला होता.

शब्द मिळाला – पडसाद. दोघांनी सूचना लिहायची, कागदांची अदलाबदल करायची आणि एकमेकांची सूचना मोठ्याने वाचायची. वाचून झालं की हरकत घेण्याचा हक्क. नियम जुना आणि कडक: सूचनेत फुकट बसलेला एकही शब्द नको.

त्याने माझी वाचली: "कोसळ! मागोमाग हाक, परतलेला आवाज." सभागृहाने माना डोलावल्या. त्याची हरकत नव्हती.

मी त्याची वाचली: "डोंगरात कोसळ, मग हाक, परत येईल तो आवाज." सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

कोसळ म्हणजे पड, हाक म्हणजे साद. चोख. पण 'डोंगरात'? शब्द देखणा होता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गप्प बसले तर तो जिंकणार. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसला... अगदी छत्रीतल्यासारखा.

मी हात वर केला.

"'डोंगरात' नुसता बसलाय. तुकड्यांत नाही, अर्थातही नाही."

"डोंगर नसेल तर आवाज परत येणार कुठून?" तो म्हणाला. लोक हसले.

"मग तो आवाजाशेजारी हवा. कोसळण्याशेजारी त्याचं काय काम?"

परीक्षक म्हणून बसलेल्या त्या निवृत्त होणाऱ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "हरकत मान्य."

टाळ्या, हार, फोटो. रविवार माझा झाला. त्याची खुर्ची मात्र रिकामी होती. मी हार टेबलावर ठेवला आणि बाहेर धावले.

तो जिन्यात उभा होता, भिंतीकडे तोंड करून पुटपुटत. "कोसळ, मग हाक, डोंगरातून परत येईल तो आवाज." तो वळला. "आता?"

"आता बिनतोड."

"आधी सुचलं असतं तर हरवलं असतं तुम्हाला."

"हरवलं असतंत," मी म्हटलं. खरं होतं ते. "राग आलाय?"

"आला होता. पहिल्या पायरीपर्यंत टिकला." तो एक पायरी वर आला. "तुम्ही गप्प बसला असतात ना, तर मात्र मी खाली उतरून गेलो असतो. दयेवर जिंकून काय करायचं? ...मला तुम्ही आवडता. हे कोडं नाही."

"कळलं. एकही शब्द कापण्यासारखा नाही त्यात."

कान तापले होते, पण आवाज ठणठणीत होता.

"कोडं छापण्याआधी कुणीतरी ते सोडवून पाहावं लागतं," मी म्हटलं. "जराही भीडभाड न ठेवता. असा माणूस शोधतेय मी."

"पगार?"

"भांडणं."

"आणि मुदत?"

"रविवार संपेपर्यंत."

"रविवार संपतात कुठे?"

"तेच म्हणतेय," मी म्हटलं आणि त्याचा हात धरला.